‘ठेकेदार तर स्वच्छच निघाला ना!’

वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांचे अहवाल चाळायला बसलं की एक आक्षेप पुन्हा पुन्हा भेटतो. कधी शहर, कधी काउंटी, कधी स्कूल डिस्ट्रिक्ट. मजकूर जवळपास तोच. फेडरल अनुदानाच्या पैशातून ठेकेदाराला काम दिलं, पण करारापूर्वी तो फेडरल कामांसाठी अपात्र ठरलेला नाही ना, हे कुणी पाहिल्याचा कागद नाही. मग लेखापरीक्षक स्वतः यादी उघडतात. ठेकेदाराचं नाव तिथे नसतं, म्हणून खर्च नामंजूर करण्याची गोष्ट निघत नाही. खाली स्थानिक कार्यालयाचा खुलासा असतो: माणसं बदलली, नियम ठाऊक नव्हता, पुढे काळजी घेऊ.

आणि इथेच पूर्वपक्ष उभा राहतो. ठेकेदार तर स्वच्छच निघाला, काम झालं, पैसा जागेवर लागला. मग आक्षेप कसला? वॉशिंग्टन डी. सी.त बसलेल्यांनी खेडोपाडीच्या कारकुनांमागे लावलेली आणखी एक कटकट, एवढंच. हा सवाल वरवर बिनतोड दिसतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो, पण त्याआधी नियम काय मागतो ते पाहू, कारण कटकटीचा आकार कळल्याशिवाय तिच्यावर भांडण्यात अर्थ नाही.

फेडरल अनुदानातून 25,000 डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा करार करायचा असेल, तर समोरचा पक्ष निलंबित किंवा अपात्र नाही याची खात्री करारापूर्वी करायची. त्यासाठी तीन वाटा दिल्या आहेत आणि तिन्हींपैकी कुठलीही एक पुरते. सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरची अपात्रांची यादी पाहा. किंवा ठेकेदाराकडून तसं लेखी घ्या. किंवा करारातच तसं कलम घाला. संपलं. यादी पाहायला पैसे पडत नाहीत. हा नियम कालपरवाचाही नाही. अनुदानांच्या बाबतीत एका खात्याने घातलेली बंदी सगळ्या खात्यांना लागू व्हावी, असा आदेश रेगन यांनी 1986 मध्ये काढला. सरकारी खरेदीतली बंदी आणि अनुदानातली बंदी एकमेकींना जोडण्याचं काम थोरल्या बुश यांनी 1989 मध्ये केलं. तेव्हा ‘नियम ठाऊक नव्हता’ हा खुलासा फार तर नव्या कारकुनाच्या तोंडी शोभेल, कार्यालयाच्या तोंडी नाही.

आता तो बिनतोड सवाल. रक्तपेढीने न तपासता बाटली दिली आणि रुग्ण धडधाकट घरी गेला, म्हणून कुणी तपासणीचं टेबल उचलून ठेवत नाही. लेखापरीक्षकाला यादीत नाव सापडलं नाही, हे त्या कार्यालयाचं नशीब आहे. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. शिवाय लेखापरीक्षक सगळे करार पाहत नाही, निवडक पाहतो, आणि तेही केव्हा? फेडरल अनुदानाचा लेखापरीक्षण अहवाल सादर करायला आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत मुदत असते. तोवर रस्ता झालेला, बिलं चुकती झालेली. त्या वेळी नाव सापडलंच तर पैसे फेडरल खात्याला परत करण्याची पाळी गावावर येऊ शकते, ठेकेदार केव्हाच पुढच्या कामावर गेलेला असतो.

नाव सापडतच नाही, असंही नाही. अमेरिकी काँग्रेसच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2009 च्या अहवालात जी प्रकरणं मांडली, ती वाचून घाम फुटतो. एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने विमानवाहू नौकेच्या दुरुस्तीत घातपात केला: वाफेच्या नळ्यांना नियमात न बसणारे जोडभाग लावले. नळी फुटली असती तर नौकेवरची माणसं भाजून मेली असती. नौदलाने कंपनीला निलंबित केलं आणि महिन्याच्या आत त्याच कंपनीला तीन नवी कंत्राटं दिली. अशा प्रकरणांच्या मुळाशी मोठं कारस्थान वगैरे शोधायला जाऊ नका. कुठे अधिकाऱ्यांनी यादी उघडलीच नव्हती, कुठे उघडूनही नाव हाती लागलं नव्हतं, कुठे कंपनी दुसऱ्या नावाने परतली होती. हे फेडरल खात्यांत घडलं, जिथे खरेदीसाठी स्वतंत्र माणसं असतात. तीन माणसांच्या नगर कार्यालयात घडणारच नाही, असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

‘लेखापरीक्षक शेवटी बघतोच की’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक बातमी आहे. वर्षाला किती फेडरल पैसा खर्च केला की हे लेखापरीक्षण सक्तीचं होतं, ती मर्यादा साडेसात लाख डॉलर होती. ऑक्टोबर 2024 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती दहा लाख झाली. म्हणजे लहान गावांपैकी काही या जाळ्यातून बाहेर पडली. नियम मात्र त्यांना तसाच लागू आहे. मागून बघणारा डोळा मिटला, म्हणून पुढून बघण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

दुसरा मुद्दा ओळखीचा. ‘हा आमच्या गावचा माणूस, वीस वर्षं काम करतोय, याची काय चौकशी करायची?’ ओळख ही वाईट गोष्ट नाही. पण ओळखीला गावाची वेस असते आणि यादीला नसते. फेडरल पैशाच्या बांधकामावर मजुरांना ठरलेला दर द्यावा लागतो. डेव्हिस-बेकन कायद्याखाली तो बुडवणाऱ्या ठेकेदाराला तीन वर्षं बंदी होऊ शकते. तुमच्या गावचा पूल नेटका बांधलेला माणूस शेजारच्या राज्यात मजुरी बुडवून यादीत गेलेला असू शकतो, आणि ते तो तुम्हाला कॉफी पिता पिता सांगणार नाही.

लहान ठेकेदारावर अन्याय होतो, हीही एक तक्रार आहे. तिला फार वेळ द्यायची गरज नाही. ही बंदी शिक्षा म्हणून नाही, सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आहे, असं नियमच सांगतो. तिला साधारण तीन वर्षांची हद्द आहे आणि नोटीस मिळाल्यावर बाजू मांडायला तीस दिवस मिळतात.

मनुष्यबळाची तक्रार मात्र खरी आहे. 2021 च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनने राज्यं आणि स्थानिक संस्थांना 350 अब्ज डॉलर दिले. ज्या गावांनी एवढा फेडरल पैसा कधी पाहिला नव्हता, तिथेही तो पोचला. तिथला कारकून पाणीपट्टीही बघतो आणि इतिवृत्तही लिहितो. पण म्हणूनच तर तीन वाटा ठेवल्या आहेत. वकिलाकडून एकदा कलम लिहून घेतलं आणि कराराच्या छापील नमुन्यात घातलं, की कारकुनाला वेगळं काही आठवावं लागत नाही. मनुष्यबळ नाही ही सबब कलम न घालण्याला लागू पडत नाही.

विरोधकांच्या भात्यात खरा बाण एकच आहे, आणि तो ते क्वचितच काढतात: व्हाइटफिश. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोची वीज गेली. तिथल्या सरकारी वीजमंडळाने 30 कोटी डॉलरचं काम माँटॅनातल्या व्हाइटफिश एनर्जीला दिलं. वादळ आलं तेव्हा या कंपनीत पूर्णवेळ माणसं दोन होती. आपत्ती निवारणाच्या फेडरल संस्थेने, म्हणजे फेमाने, करार तपासून मान्य केल्याचा उल्लेख करारातच होता. फेमाने हा दावा नाकारला. महिन्याभरात गव्हर्नर रोसेयो यांनी करार रद्द करायला सांगितलं. या सगळ्या वादात कंपनीचं नाव अपात्रांच्या यादीत असल्याचा प्रश्न नव्हताच. यादी पाहून काय मिळालं असतं? काहीच नाही.

कबूल. यादी ठेकेदाराची लायकी सांगत नाही. त्याच्यावर बंदी आहे की नाही एवढंच सांगते. दोन माणसांची कंपनी एवढं काम पेलेल का, दर वाजवी आहेत का, हे प्रश्न वेगळे आणि ते विचारणंही वेगळं काम आहे. पण एक तपासणी सगळे रोग पकडत नाही म्हणून ती सोडायची, हा तर्क मान्य केला तर निविदाही नको आणि लेखापरीक्षणही नको.

माझा आग्रह उलट आहे. तीनपैकी एकच वाट पुरते हे कायद्याला मान्य असलं, तरी कार्यालयाने यादी पाहणं सोडू नये. ठेकेदाराचा लेखी शब्द हा शेवटी ठेकेदाराचाच शब्द. काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात घालून येणारे ठेकेदार आपणही महाराष्ट्रात पाहतो. त्या कागदाचं वजन किती, हे वेगळं सांगायला नको. कलम नमुन्यात असू दे, पण सहीच्या आधी शोध घ्या. केवळ नावावर जाऊ नका. 2022 पासून वापरात असलेला बारा अक्षरांचा ओळख क्रमांक असेल तर तोही टाका, मालकांची आणि प्रमुखांची नावं टाका. एक घोटाळा नेहमी होतो: सॅमवर नोंदणी असणं आणि अपात्रांच्या यादीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक पहिली पाहून दुसरी झाली असं समजतात. ‘काही आढळलं नाही’ असा निकाल आला, तर ते पान तारखेसह छापून फाइलला लावा. तारीख कराराच्या नंतरची असेल तर ते पान नसल्यात जमा.

हे कारकुनाच्या स्मरणशक्तीवर सोडायचं नाही. अनुदानाच्या खात्यातून 25,000 च्या वरची खरेदी मागणी निघाली, की त्या पानाशिवाय ती पुढे सरकू नये, अशी अट हिशेबाच्या संगणक-प्रणालीतच घालता येते. आणि मुदतवाढ विसरू नका. ठेकेदारावर मधेच बंदी आली तर चालू करार पुरा करता येतो. जादा पैसे देऊन तो वाढवायचा, तर फेडरल खात्याची खास सूट लागते. तेव्हा वाढीचा ठराव परिषदेपुढे आला, की सदस्यांनी हात वर करण्याआधी त्या आठवड्याच्या तारखेचं पान मागावं. मूळ कराराच्या वेळचं पुढे केलं तर परत पाठवावं.