नदी उलटी वाहते!

एचआरचा मेल आला. टीम आउटिंग, गोवा, दोन रात्री, तीन दिवस. खाली अॅक्टिव्हिटींची यादी आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन. सगळ्यांनी धडाधड टिक मारल्या. मी मारली फक्त 'व्हेज'वर. 'कयाकिंग, चोडण बेट, मांडवी नदी' या ओळीपाशी कर्सर नुसता लुकलुकत राहिला...

माझं गाव दिग्रस, जिल्हा यवतमाळ. पुण्यात असं सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे नागपूरजवळ ना?" बरं, नागपूरजवळ! नकाशात बघा, अरबी समुद्र घ्या नाहीतर बंगालचा उपसागर, दोन्ही आमच्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब. आमच्याकडे पाणी दोनच प्रकारचं. एक, नसलेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा यवतमाळच्या माझ्या काकूने पाहुण्यांना फोन करून सांगितलं होतं की या, पण मुक्कामाला नको. आणि दुसरं, अंगावर येणारं. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला, तेव्हा लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. या दोन्हींच्या मधलं, निवांत, खेळायचं पाणी असतं हे मी फक्त सिनेमात बघितलेलं.

आमच्या घरात आणखी एक कारण होतं. मी सातवीत असताना माझा मावसभाऊ पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला नदीवर गेला. आदल्या रात्री वर कुठेतरी पाऊस झाला होता. बैल घरी आले. तो आला नाही.

त्यानंतर आईने घरात एकच कायदा केला. पाण्याकडे जायचं नाही. शाळेची सहल सहस्रकुंडच्या धबधब्याला गेली, तेव्हा मी घरी बसून टीव्ही बघितला. मजा बघा, घरातला एक मुलगा बुडाला म्हणून बाकीच्या सहा भावंडांपैकी एकालाही पोहायला शिकवलं नाही! हे लॉजिक उलटं आहे, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. तेही कयाकमध्ये बसल्यावर.

टिक मी मारलीच नाही. मी चहाला गेले असताना शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीने मारली. अशा मैत्रिणी देव सगळ्यांना देवो.

तर जानेवारीतली सकाळ, रायबंदरहून फेरीबोट आणि पलीकडे चोडण. मांडवीच्या मधोमध असलेलं हे बेट, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य याच्याच टोकाला आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण कांदळवनाने गच्च भरलेलं. आम्ही उतरलो त्या खाडीच्या काठावर रंगीत प्लास्टिकच्या होड्या ओळीने उलट्या पालथ्या घातलेल्या. शिकवणारा मुलगा माझ्यापेक्षा लहान, बोलायला कोकणी-मराठीची मिसळ. पहिला प्रश्न मीच विचारला. "पोहता येत नाही. चालेल?"

"चालेल. बकल नाही लावलं तर नाही चालणार."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. माणूस साठ किलोचा असला तरी पाण्यात त्याला डोकं वर ठेवायला चार-पाच किलोचाच आधार पुरतो, कारण बाकीचं वजन पाणीच उचलतं. कयाकिंगचं नेहमीचं जॅकेट ५० न्यूटनचं, म्हणजे साधारण पाच किलो उचलणारं. पण ते पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी. माझ्यासारख्या कोरड्या जिवासाठी त्याने आतून १०० न्यूटनचं आणलं, तोंड वर ठेवणारं. बकल लावलेलं नसेल तर जॅकेट वर तरंगतं आणि माणूस खालून निसटतो. पट्टा ओढून बघायचा, खांद्याला धरून वर उचलून बघायचं, कानाशी आलं तर सैल आहे. पाच किलो! मावशीच्या घरी यापेक्षा जड पाटा आहे.

कयाक आणि कॅनू एकच असं मी समजत होते. तसं नाही. दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने चालवतात ती कयाक. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, सीलच्या कातड्याची. कॅनूचं वल्हं एकाच पात्याचं, आणि तो शब्द आला कॅरिबियन बेटांवरून, कोलंबसाने १४९२ मध्ये तिथेच तो ऐकला. आमच्या पूर्व विदर्भात झाडाचं खोड कोरून करतात तो डोंगा या कॅनूचा सख्खा चुलतभाऊच म्हणायचा. म्हणजे बर्फाळ मुलखातली वस्तू दमट गोव्यात, आणि आमचा डोंगा मात्र एकाही ब्रोशरमध्ये नाही. असो.

पहिली पंधरा मिनिटं मी हातांनी वल्हवत होते आणि होडी गोल गोल फिरत होती. "हात नाही, कंबर वळवा," तो मागून ओरडला. वल्हं पुढे पायाच्या बोटांपाशी टाकायचं आणि कमरेतून वळून मागे घ्यायचं. दिवसभर खुर्चीत आखडलेली आपली कंबर, तिला हे नवीन! पण जमलं. दोन्हीकडून खारफुटी जवळ आली, चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी तिची श्वास घेणारी मुळं. एक बगळा आमच्याकडे ऑडिटरसारखा बघत होता. मगरीचं विचारलं तर म्हणाला, आहेत, पण तिकडे कुंभारजुव्याच्या कालव्यात. एवढ्या शांतपणे सांगितलं की पुढे काही विचारलंच नाही.

मग मला ते दिसलं. पाण्यावर तरंगणारं एक पान आमच्याबरोबर येत होतं. समुद्राकडून, आत. मी म्हटलं, नदी उलटी वाहतेय! तो हसला. भरती आहे, म्हणाला. दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. ओहोटीच्या आत निघालो नाही तर या अरुंद फाट्यात होडी चिखलात रुतेल. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये वेळा छापलेल्या असतात.

पाणी चढतं आणि त्याचं टाइमटेबल असतं! माझ्या आयुष्यात पाणी चढणं म्हणजे बातमी. मावशीच्या गावात अरुणावती चढली की बायका दारात येऊन उभ्या राहतात. इथे तीच गोष्ट लोक घड्याळ बघून करतात, भरतीच्या पातळीपेक्षा खाली शेतं पिकवतात आणि बांधाला पाण्याच्याच दाबाने मिटणारी दारं बसवतात.

शेवटी त्याने मला मुद्दाम पाण्यात पाडलं. म्हणजे आधी विचारून. थंड, खारट, हिरवा अंधार, आणि दुसऱ्याच क्षणी मी वर! खोकत, रडत, हसत, सगळं एकदम. मैत्रिणीला वाटलं मी घाबरून रडतेय. मी कशासाठी रडत होते ते तिला फेरीबोटीत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "तू पाण्यात कायले गेली वं?" आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी फक्त विचारलं, जॅकेट केवढ्याला मिळते?

या वर्षी पोळ्याला सुट्टी टाकली. रात्रीची ट्रॅव्हल्स, मांडीवर मोठी पिशवी. मावशीचा धाकटा, गेलेल्याच्या पाठचा, आता बावीस वर्षांचा आहे आणि बैल तोच धुतो. मावशीने त्याला कधी अडवलं नाही, पण ती स्वतः त्या दिवशी नदीकडे जात नाही. मी पिशवीतून नारिंगी जॅकेट काढलं, १०० न्यूटनचं. तो लाजला. "पोट्टे हसतीन ना ताई." जॅकेट आहे म्हणून पुरात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातच, दोर काठाच्या झाडाला, असं सगळं मी शिकवणाऱ्या मुलासारखं घडाघडा सांगितलं.

पोट्टे हसलेच. एकाने फोटोही काढला. बैल बिचकले आधी त्या रंगाला, मग सवयीचे झाले. मी दोराचं टोक धरून काठावर उभी होते तेवढ्यात मागून पैंजणांचा आवाज आला. मावशी. पदर खोचलेला, हातात बैलांच्या खांद्याला लावायच्या हळदीची वाटी. पाण्यापासून चांगली वीस पावलं दूरच थांबली. धाकट्याकडे बघत राहिली आणि मग ओरडली,

"खालचा पट्टा सुटला हाय रे! आधी लाव तो."