उद्धार कीं खरवड?

जुन्या वास्तूचें जुनेपण खरवडून काढणें, यासच ‘जीर्णोद्धार’ म्हणण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. चुन्याची भिंत दिसली कीं तिच्यावर सिमेंट थापावें, सागवानी खांबास तेलरंग फांसावा, दारावर संगमरवरी पाटी ठोकावी, कीं झाला उद्धार! याविरुद्ध बोलणारास ‘मोडक्या भिंतींचा भक्त’ म्हणून हिणवितात. ही पदवी आम्ही आनंदानें पत्करतों. आणि आमचें दैवत कोणतें म्हणाल, तर एक शौचकूप!

वाचकांनीं नाक मुरडूं नये. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉल परगण्यांत, हेलिगन ही ट्रेमेन घराण्याची जुनी मिळकत आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील बागेवर माळ्यांचा मोठा ताफा राबत असे. युद्ध आलें, माळी गेले, कित्येक परतलेच नाहींत. बाग रानानें गिळली. १९९० सालीं टिम स्मिट व जॉन विलिस हे झाडोरा तोडीत आंत शिरले, तेव्हां माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीनें लिहिलेलीं त्यांचीं नांवें आढळलीं. सोबत महिना व साल, ऑगस्ट १९१४. इंग्लंड युद्धांत उतरलें तें याच महिन्यांत.

ही भिंत आमच्या एखाद्या उत्साही उद्धारकाच्या हातीं लागती, तर माळ्यांचीं नांवें गिलाव्याखालीं गेलीं असतीं आणि वर देणगीदाराचें नांव झळकलें असतें. हेलिगनच्या मंडळींनीं त्याच आवारांतील अननसाचा खड्डा दुरुस्त करून पुन्हां चालू केला; घोड्यांच्या ताज्या लिदीच्या उबेवर तेथें आजही अननस पिकतो. भिंतीस मात्र त्यांनीं हात लावला नाहीं. २०१३ सालीं इंपीरियल वॉर म्युझियमनें त्या खोलीस जिवंत स्मारकाचा मान दिला. कोठें हात चालवावा व कोठें आवरावा, हें ज्यास कळतें त्यासच आम्ही उद्धारक म्हणूं.

कोणी म्हणेल, इंग्रजांजवळ पैसा आहे. पैसा खरवडण्यासही लागतोच कीं! आणि इंग्रज तरी उपजत शहाणे कोठें होते? तेथील जुन्या देवळांची खरवड पाहून संतापलेल्या विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ मंडळी स्थापिली. तिचें टोपणनांवच ‘खरवडविरोधी’ असें पडलें. शिवाय चुन्याची भिंत ओल शोषते तशी सोडतेही; सिमेंट ती आंत कोंडतें, आणि चार पावसाळ्यांत लेपही सुटतो व भिंतही कुजते. म्हणजे काटकसरीचा हा युक्तिवादही पोकळच.

आमच्या परिचयाच्या एका वाड्यांत पागेच्या भिंतीवर मोतद्दारांनीं कोळशानें ओढलेल्या रेघा होत्या. दाण्याच्या मापांचा तो हिशेब असावा. त्या उतरून घेण्याचें दोन वर्षें आमच्या मनांत होतें. गेल्या उन्हाळ्यांत गेलों, तों मालक मोठ्या कौतुकानें आम्हांस पागेंत घेऊन गेले आणि म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, भिंत कशी कोरी करकरीत झाली, पाहिलीत?”