चित्रपटाच्या पोटी जन्मलेली गाणी

आज ६ फेब्रुवारी. १९३२ साली याच तारखेला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ झळकला आणि मराठी पडदा बोलू लागला. बोलू लागला त्याच दिवशी तो गाऊही लागला. हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हेच त्या चित्रपटाचे संगीतकार होते. बरोबर नव्वद वर्षांनी, २०२२ साली, याच तारखेला लता मंगेशकर गेल्या. आज दिवसभर त्यांची गाणी घराघरांत वाजतील, त्यातली बहुतेक हिंदी असतील आणि ते स्वाभाविकच आहे. पण मराठी बोलपटाच्या वाढदिवशी एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या चित्रपटाने स्वतः जन्माला घातलेली सर्वांत उत्तम गाणी कोणती?

जन्माला घातलेली, यावर माझा भर आहे. मराठी चित्रपट कीर्तन, तमाशा आणि संगीत नाटक यांच्या अंगणात वाढला, त्यामुळे त्याने उसनवारी भरपूर केली. संतांचे अभंग घेतले, नाट्यपदे घेतली, कवितासंग्रहांतल्या कविता घेतल्या. त्या उसनवारीने चित्रपट श्रीमंत झाले, याबद्दल तक्रार नाही. तरीही २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये आपण ज्या पदांना दाद दिली त्यातली कित्येक १९६७ च्या नाटकातली, पुरुषोत्तम दारव्हेकर आणि जितेंद्र अभिषेकी यांची होती. त्यांचे श्रेय रंगभूमीचे. माझ्या निवडीत ती बसत नाहीत. चित्रपट निघाला नसता तर जे गाणे लिहिलेच गेले नसते, आणि जे त्या पात्राच्या तोंडून काढून घेतले तर अर्धे होते, तेवढेच मी धरतो.

अमेरिकेतल्या ऑस्करमध्येही हा वाद एकदा झडला होता. १९४१ च्या ‘लेडी बी गुड’मधल्या पॅरिसवरच्या गाण्याला सर्वोत्कृष्ट गीताचा मान मिळाला. गाणे सुरेख होते, पण ते त्या चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले, त्या वेदनेतून ऑस्कर हॅमरस्टीन यांनी ते लिहिले आणि जेरोम कर्न यांनी त्याला चाल दिली. पुरस्कार मिळाल्यावर खुद्द कर्न यांनाच तो पटला नाही. पुढे नियम बदलला आणि गाणे त्याच चित्रपटासाठी लिहिलेले असले पाहिजे, असे ठरले. हाती आलेल्या पुरस्काराबद्दल कलावंताने असे बेचैन व्हावे, याबद्दल मला कर्न यांचा फार आदर वाटतो.

या कसोटीवर माझ्या यादीत पहिल्यांदा येते १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधले ‘आधी बीज एकले’. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात तुकोबांचे अभंग असणार हे उघडच आहे. हा अभंग मात्र तुकोबांचा नाही. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, संगीत केशवराव भोळे यांचे आणि गळा विष्णुपंत पागनीसांचा. ते पद तुकोबांच्या वळणाचे इतके हुबेहूब उतरले की लोकांनी ते त्यांचेच धरले, आणि ते गाथेत का सापडत नाही म्हणून अभ्यासकही शोधत राहिले. चित्रपटात सालोमालो हा तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. आठवले यांनी नेमके उलटे केले. स्वतःचे काव्य तुकोबांच्या पदरात घातले आणि आपण मागे राहिले. गीतकाराने पात्रात विरघळून जाणे याहून अधिक काय असते, मला सांगता येणार नाही.

प्रभातच्याच ‘माणूस’मधले (१९३९) ‘कशाला उद्याची बात’ हे गाणेही मी सोडणार नाही. अनंत काणेकरांचे शब्द, मास्टर कृष्णरावांचे संगीत, शांता हुबळीकरांचा आवाज आणि अभिनय. कोठ्यावर नाना प्रांतांची गिऱ्हाइके येतात, म्हणून नायिका मैना एकाच गाण्यात भाषा बदलत जाते. हा कुणाला खटकेल असा चमत्कृतीचा खेळ झाला असता. पण ज्या बाईला स्वतःचा उद्याचा दिवस नाही तीच उद्याची फिकीर उडवून लावते आहे, हे समोर दिसत असल्याने त्या ठेक्यात एक काच राहतो. हुबळीकरांनी आपल्या आत्मचरित्राला याच गाण्याचे नाव दिले.

मग गीतकार माडगूळकर आणि संगीतकार फडके. या जोडीची गाणी मोजायला बसलो तर आजचा अंक पुरणार नाही, म्हणून एकच चित्रपट घेतो, राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). त्यातले ‘एक धागा सुखाचा’ सगळ्यांना पाठ आहे. तरीही माझी निवड ‘तुला पाहते रे’. सीमा देव यांनी रंगवलेली नायिका आंधळी आहे, आणि ती म्हणते आहे की मी तुला पाहते. हे ठाऊक नसेल तर ते नुसते गोड प्रेमगीत. ठाऊक असेल तर आशा भोसले यांच्या त्या संथ स्वरात प्रत्येक शब्द चाचपत, हाताने ओळखत पुढे येतो. अलीकडे याच नावाची मालिका घरोघरी पाहिली गेली. नाव पोहोचले, गाणे पोहोचले. ती आंधळी मुलगी तेवढी मागे राहिली. गाणे चित्रपटापासून तुटते तेव्हा त्यातून काय गळून पडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

लावण्यांबद्दल थोडक्यात बोलतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, त्यात ‘बुगडी माझी सांडली गं’चा वाटा मोठा होता. वसंत पवारांची ती चाल मला अतिशय प्रिय आहे. ‘पिंजरा’तल्या (१९७२) राम कदमांच्या चालीही तशाच. पण फडावरची लावणी स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, तिला कथेचा आधार लागतोच असे नाही. म्हणून आज मी त्यांना यादीबाहेर ठेवतो. हा निर्णय अनेकांना रुचणार नाही, हे जाणून आहे.

आता ज्या गाण्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो त्याकडे येतो. १९६५ चा भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आणि त्यातले ‘ऐरणीच्या देवा तुला’. सूर्यकांत आणि जयश्री गडकर हे लोहार दांपत्य. भाता चालतो आहे, निखारा फुलतो आहे, घणाचा ठोका पडतो आहे, आणि त्या ठोक्यातच गाण्याचा ताल बसवलेला आहे. हे लोक देवळात गेलेले नाहीत. काम थांबवून हात जोडायला त्यांना वेळही नाही. उडणारी ठिणगी हेच त्यांचे फूल आणि ऐरण हाच त्यांचा देव्हारा. मागणे काय, तर कष्टाला यश यावे आणि घरात सुख नांदावे. नवरा-बायको एकाच कामाला भिडलेली आहेत, त्यामुळे ही प्रार्थना एकाच वेळी भक्तीची आहे, संसाराची आहे आणि प्रेमाचीही आहे. तीन गोष्टी एका चालीत अशा मुरलेल्या मी फार थोड्या गाण्यांत ऐकल्या.

शब्द जगदीश खेबूडकरांचे. मराठी बोलपट ज्या वर्षी जन्मला त्याच १९३२ सालचा त्यांचाही जन्म, कोल्हापूरच्या मुलखातला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचे घर भस्मसात झाले, आणि त्या राखेसमोर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आपली पहिली कविता लिहिली. पुढे शिक्षकी करता करता हा माणूस चित्रपटांसाठी लिहू लागला. ज्याने आगीत घर गमावले त्याने आगीला देव मानणाऱ्यांचे गाणे इतक्या मायेने लिहावे, हे आठवले की ते गाणे मला आणखी खोल उतरते.

आणि संगीत ‘आनंदघन’ यांचे. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या भालजींच्या चित्रपटांना त्यांनी या नावाने संगीत दिले. राज्य पुरस्कारांच्या सोहळ्यात ‘साधी माणसं’च्या संगीताचा गौरव जाहीर झाला, तेव्हा हे नाव कुणाचे ते सभागृहाला उलगडले, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या गळ्याबद्दल जगाने लिहिले. पण साध्या, मातीतल्या चाली बांधण्याची त्यांची समज आपण नीट तोललीच नाही. ‘ऐरणीच्या देवा’त गायिका लता संगीतकार लताच्या आज्ञेत राहते. कुठेही हरकतींची आरास नाही, तान नाही, सूर कष्टकरी बाईच्या पट्टीबाहेर जात नाही. ज्या गळ्याला काहीही शक्य होते, त्याला संगीतकाराने इतके आवरून धरले.

१९७७ चा ‘जैत रे जैत’ हा या यादीतला दुसरा मोठा मुक्काम. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निर्मिती उषा मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचे आणि गीते ना. धों. महानोरांची. ठाकरांच्या वस्तीतला नाग्या आणि नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आलेली चिंधी, म्हणजे मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. लिंगोबाच्या डोंगरावरच्या माश्यांनी नाग्याचा डोळा नेला, तेव्हापासून राणी माशीचा सूड हेच त्याचे जगणे. ही कथा संवादांपेक्षा गाण्यांतून पुढे सरकते. मी ‘जांभूळ पिकल्या झाडाखाली’ निवडतो, कारण त्यात ज्या ढोलाचा शोध आहे तो ढोल नाग्याचा आहे आणि शोध घेणारी ओढ चिंधीची. महानोर पळसखेड्याचे शेतकरी, मराठवाड्याच्या कोरड्या रानातले. त्यांनी सह्याद्रीतल्या ठाकरांची गाणी लिहिली आणि ती परक्या मातीची वाटली नाहीत. रान कुठलेही असो, त्याचा माणूस ओळखण्याची विद्या त्यांच्याजवळ होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

नव्या काळातले एक गाणे तरी हवेच. ‘जोगवा’तले (२००९) ‘जीव रंगला’ अजय-अतुल यांचे सर्वांत गाजलेले नसेल, पण माझ्या मते सर्वांत खरे. देवीला सोडलेली सुली आणि साडी नेसायला लावलेला तायाप्पा, म्हणजे मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये. ज्यांच्या देहावर त्यांचा स्वतःचाच हक्क उरलेला नाही अशी ही दोन माणसे एकमेकांकडे ओढली जातात. हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांना या गाण्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीतकारांनाही मिळाला. गाणे लिहिणारे संजय कृष्णाजी पाटील यांचे नाव मात्र ते गुणगुणणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

इथे मला खरी खंत आहे. २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळाले तेव्हा संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस असे दोघेही मंचावर गेले, कारण तो पुरस्कारच दोघांचा असतो. आपल्याकडे आकाशवाणीच्या निवेदकांनी वर्षानुवर्षे गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार यांचीही नावे सांगितली, म्हणून एका अख्ख्या पिढीला माडगूळकर आणि खेबूडकर ठाऊक झाले. आता गाणे फोनवर येते आणि पडद्यावर बहुधा गायकाचे नाव तेवढे दिसते. गीतकाराचे नाव गेले की प्रसंग जातो, प्रसंग गेला की पात्र जाते, आणि मग ऐरणीचा देव हे फक्त एक जुने गोड भजन उरते. मराठी गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक सेवेने गीतकार आणि चित्रपट ही दोन नावे गाण्यासोबत द्यावीत. त्यात अवघड काहीच नाही.

दुसरी गोष्ट चित्रपटांची. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत प्रभातच्या जुन्या नायट्रेट फितींचा ठेवा जळाला. प्रती इतरत्र होत्या म्हणून बरेच चित्रपट वाचले, पण मूळ ते मूळच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुने चित्रपट जपण्याचे काम करते आहे, त्या कामात मराठी बोलपटांचा क्रम वरचा असावा यासाठी राज्य सरकारने पैसा आणि आग्रह दोन्ही पुरवावेत. ‘माणूस’, ‘जगाच्या पाठीवर’, ‘साधी माणसं’ आणि ‘जैत रे जैत’ यांच्या नीट दुरुस्त केलेल्या प्रती कोल्हापूर, पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरच्या चित्रपटगृहांत दाखवाव्यात, आणि पुढच्या ६ फेब्रुवारीला सुरुवात भालजींच्या चित्रपटाने करावी.