गाणं कुणाचं?

दिवाळी पहाटच्या जाहिराती झळकू लागल्या आणि आमचं डोकं ठरल्याप्रमाणे फिरलं. ‘लतादीदींची अजरामर गाणी’, ‘आशाताईंची सदाबहार गाणी’. फलकावर गायिकेचं नाव मोठं, प्रायोजक सराफांचं त्याहून मोठं आणि ज्यांनी शब्द लिहिले, चाल बांधली त्यांचा पत्ताच नाही. या सदराचे जुने वाचक म्हणतील, आता ‘हल्लीची गाणी म्हणजे नुसता गोंगाट’ हे रडगाणं लागणार. नाही लागणार. हल्लीच्या गाण्यांवर आमचा राग नाही. गाण्यामागची नावं घ्यायची सवय मोडली, याचा आहे. आणि ती मोडण्यात जुन्या गाण्यांचे भक्तच आघाडीवर आहेत.

गाण्यात कर्त्याचं नाव गुंफायची रीत आपल्याकडे जुनी. तुकोबा, नामदेव, जनाबाई, सगळ्यांच्या अभंगांत शेवटी नाममुद्रा येते. लावणीत होनाजी बाळा येतो, आणि अगदी आपल्या काळात वामनदादा कर्डकांच्या गीतांत ‘वामन’. कुणीही गावं, कुठल्याही चालीत गावं, कर्त्याचं नाव आपसूक गायलं जातं. भावगीतानं ही मुद्रा सोडली, तेव्हा ते काम आकाशवाणीच्या निवेदकांनी उचललं. गाणं लागायच्या आधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगितली जायची. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी ही नावं आजही एका दमात घेतली जातात, त्यात रेडिओचा वाटा मोठा आहे.

रेडिओचा आवाज मागे पडला तसं काय झालं, हे बघायचं तर कुठल्याही हळदीला जावं. ‘मी डोलकर’ लागलं की आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात, आणि कोळीवाड्याचं हे पारंपरिक गाणं आहे अशी त्यांतल्या बहुतेकांची खात्री असते. ते लिहिलं शान्ता शेळके यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. लोक आपलं मानतात हा गाण्याचा केवढा सन्मान, असा युक्तिवाद यावर हमखास होतो. जात्यावरच्या ओवीला कुठे कवी असतो, असंही विचारतात. पण ओवी घरागणिक बदलते. दळणाऱ्या प्रत्येकीनं तीत आपलं काही घातलेलं असतं. इथे शब्द न् शब्द एका बाईनं बसून रचला आहे. तिला ‘परंपरा’ म्हणून मोकळं होणं हा सन्मान खासा म्हणायचा!

गायकांवर हा रोख नाही. त्यांनी आपलं नाव भांडून मिळवलं आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. खुद्द लताबाईंनी हे सोसलं होतं. गंमत अशी की पुढे त्यांनीच भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या टोपणनावानं. ‘साधी माणसं’साठी राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण, हे निवेदकाला सांगावं लागलं, असं सांगतात. त्यामुळे त्याच चित्रपटातलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे लतादीदींचं गाणं, असं जाहिरातवाला म्हणतो तेव्हा तो नकळत निम्मा बरोबर असतो. उरलेले निम्मे जगदीश खेबूडकर.

आता नव्यांकडे बघा. २०१६ च्या ‘सैराट’ची गाणी कुणाची, असं शाळकरी पोराला विचारलं तरी ते अजय-अतुल म्हणेल, तिथे संगीतकाराचं नाव आधी येतं. म्हणजे काळ बदलला म्हणून नावं पुसली गेली, ही सबब टिकत नाही. दुसरी सबब मोबाइलची: हवं त्याला माहिती बोटाच्या टोकावर मिळते. मिळते, पण शोधणाऱ्यालाच. रेडिओ न विचारता सांगायचा, आणि न विचारता कानावर पडलेलंच माणसाच्या लक्षात राहतं. बरं, प्रश्न निव्वळ मानाचाही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. हिशेबाच्या वहीत ज्यांचा हक्क आता मान्य आहे, त्यांना व्यासपीठावर मात्र जागा नाही.

तेव्हा पहाटेच्या संयोजकांना एवढीच विनंती: सूत्रसंचालकाच्या कोट्या थोड्या कमी करा आणि प्रत्येक गाण्याआधी तिन्ही नावं सांगा. दहा सेकंद लागतात. सराफांची जाहिरात त्याहून लांब असते.