टिपूची बंदूक आणि आपला चंदा

इंग्लंडमधल्या लिलावात टिपू सुलतानची बंदूक निघाली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चंद्याची भाषा सुरू होते. पैसे जमवू, घरबसल्या फोनवरून बोली लावू, कौमची अमानत परत आणू! मला हे पटत नाही.

मार्च २०१९ मध्ये बर्कशायरच्या लिलावात टिपूची चांदीने मढवलेली चकमकीची बंदूक, संगिनीसह, ६०,००० पौंडांना गेली. ती तिथे पोचली कशी? ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, शहर लुटले गेले आणि कंपनीच्या मेजर थॉमस हार्टने हा माल मायदेशी नेला. लिलाववाले ही हकिकत लपवत नाहीत, उलट मिरवतात, कारण भाव तिच्यामुळेच चढतो. लूट जितकी पक्की तितकी बोली मोठी. म्हणजे लुटणाऱ्याचे नाव हीच मालाच्या अस्सलपणाची पावती, आणि ती पाहून आपण रक्कम वाढवायची? वर लिलाववाल्यांचे कमिशन वेगळेच.

विजय मल्ल्यांनीही टिपूची तलवार लंडनच्या लिलावातून घेतली होती. केवढा गाजावाजा झाला! पुढे ती त्यांनी देऊन टाकल्याचे २०१८ मध्ये तिथल्याच कोर्टात समोर आले. 'परत आणणे' ते हेच का?

परवा एका चुलतभावाने विचारले, "मग काय, बंदूक तिथेच राहू द्यायची?"

भाईजान, सरकारकडे अर्ज करा, ब्रिटिशांकडे फुकट परत मागा, मी पहिली सही करतो. चंद्याची पावती मात्र माझ्या नावाने फाडू नका.