डावाची वाटी

लाकडी डाव विकणाऱ्याशी 'लाकूडच तर आहे, एवढे कशाला?' म्हणून घासाघीस करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. अहो, दांडा कोणीही तासेल. कस लागतो तो वाटी कोरताना! लाकूड ओलसर असतानाच, बाकदार पात्याने, शक्यतो रेषांना आडवे कोरत जायचे. रेषांच्या उलट पाते गेले की तंतू उपसून येतात. तळ किती उरला हे डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत धरूनच कळते. एक काप जास्त झाला की भोक! घाईने उन्हात वाळवला तर तडा. वहीत खाडाखोड तरी चालते. नॉनस्टिक भांड्याला हजार रुपये आपण निमूट मोजतो. ते खरचटू नये म्हणून घ्यायच्या डावाला मात्र वीस रुपयांवर अडतो. परवा एका बाईंनी वीस कमी करून घेतलेच, वर 'वाटी जरा खोल हवी होती' असेही सुनावले.