पंधरा दिवसांची मुदत आणि अपुरे अर्ज

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे: ग्रीन ओपन ॲक्सेसचा अर्ज अडकला. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी त्यासाठीच्या वीजमागणीची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली, तेव्हा एका लहान इंडक्शन फर्नेसवर चालणाऱ्या फाउंड्रीलाही आपला पुरवठादार निवडता येईल, अशी आशा वाटली होती. परिपूर्ण अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत निर्णय व्हावा, न झाल्यास मंजुरी मिळाली असे धरावे, इतका नियम स्पष्ट आहे.

प्रत्यक्षात अर्ज परिपूर्ण ठरूच दिला जात नाही. मुदत संपत आली की त्रुटीपत्र येते. बिलावर ‘प्रा. लि.’ आणि करारावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असल्याने एका वाचकाचा अर्ज परत आला. त्याने दुरुस्ती करून दिली, तेव्हा दुसरी त्रुटी निघाली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले. दुसऱ्या एका वाचकाकडे अर्जासोबत मीटर व सीटी-पीटीचा चाचणी अहवाल मागितला. चाचणी विभाग म्हणतो, आधी ओपन ॲक्सेसची मंजुरी दाखवा. एकाच इमारतीतल्या दोन टेबलांनी आपसांत बोलून सोडवायचा हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी कारखानदार महिनोन्‌महिने महाग विजेवर हीट काढतो आहे. सर्व त्रुटी एकाच पत्रात, पहिल्या आठवड्यात कळवायला कोणता नवा नियम हवा?

पण आपल्या सभासदांनाही चार शब्द सुनवायला हवेत. दलालाने कागदावर लिहून दिलेला दर हा प्रकल्पाच्या बसबारवरचा असतो. पारेषण आकार, वहन आकार, दोन्हींतली गळती आणि क्रॉस सबसिडी अधिभार धरून तुमच्या मीटरवर युनिट कितीला पडते, ते लेखी मागा. मागणी आकार वितरण कंपनीला द्यावाच लागतो, तोही हिशेबात घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भट्टीची वेळ. रात्रीच्या सवलतीसाठी आपण वर्षानुवर्षे रात्रपाळीत ओतकाम केले. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या आदेशाने टीओडीची (वेळेनुसार दराची) सवलत सकाळी 9 ते सायंकाळी 5 मध्ये नेली. सौर वीजही नेमकी तेव्हाच येते. रात्री वितळवायचे आणि दिवसाची वीज बँकेत टाकायची, हा बेत बँकिंगचे नियम न वाचता आखाल तर महिनाअखेरीस उरलेली युनिटे बुडतील. सही करण्याआधी मीटरचा पंधरा मिनिटांचा लोड डेटा काढा आणि पुरवठादाराच्या निर्मितीच्या तक्त्याशेजारी ठेवा. एवढेही न करता पंधरा वर्षांच्या करारावर सही करणारे सभासद आहेत, याचे दुःख होते.

ग्रुप कॅप्टिव्हमध्ये जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. 26 टक्के भागभांडवल आणि 51 टक्के वापर ही कसोटी आर्थिक वर्षाच्या शेवटी लागते. गटातल्या इतरांचा वापर घसरला आणि कसोटी हुकली, तर वर्षभराच्या सगळ्या युनिटांवर अधिभार बसतो. तो कोण भरणार, हे करारात नसेल तर तो तुमच्याच गळ्यात येईल, असे समजा.

आता कामाचे. ज्यांचे अर्ज परत आले, त्यांनी पोच, त्रुटीपत्र आणि प्रत्येकावरची तारीख यांच्या प्रती 20 तारखेपर्यंत कार्यालयात पाठवाव्यात. त्यांच्या आधारे एकत्र याचिका आयोगापुढे नेता येईल. गेल्या जनसुनावणीला आपल्या व्यवसायातली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. रिकाम्या खुर्च्यांचे म्हणणे आयोग कसे नोंदवणार? पुढच्या सुनावणीला प्रत्येक औद्योगिक वसाहतीतून किमान दोघांनी आपली बिले घेऊन यावे. नावे आजच कळवा.